शिक्का मारलेलं ताट

त्या रस्त्यावर खाटकाचं खरं नाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. बिनचूक कुठे बसतो विचारा, मग शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला हाताला धरून दुकानापर्यंत आणून सोडेल.

हे नाव त्याने घाम गाळून कमावलेलं होतं. तुम्ही एक किलो मटण मागितलंत की शिंपी गिऱ्हाइकाचे खांदे न्याहाळतो तसा तो समोरचा तुकडा न्याहाळायचा. मग सत्तूर एकदाच खाली यायचा. तुकडा तराजूवर पडायचा आणि काटा बरोबर एक किलोवर जाऊन शाळेतल्या मॉनिटरसारखा ताठ उभा राहायचा. दुसरा घाव नाही, वर टाकायला चिंधी नाही, खाली काढायला चरबी नाही. एक निवृत्त गणिताचे मास्तर दर रविवारी मुद्दाम अवघड आकडा घेऊन यायचे. कधी सातशे पस्तीस, कधी चारशे अठ्ठावन्न. अकरा वर्षं त्यांनी प्रयत्न केला आणि बाराव्या वर्षी मान खाली घालून अर्धा किलो मागितलं. त्या दिवशी बिनचूकने दुकान तासभर लवकर बंद केलं, कारण हसू आवरत नव्हतं आणि हातात सत्तूर असताना हसणं बरं नव्हे.

त्याची दुसरी कला उत्तर देण्याची. "ताजं आहे ना?" हा प्रश्न खाटकाला दिवसातून शंभर वेळा ऐकावा लागतो. दुसरा एखादा दहाव्या वेळेला गुरगुरला असता. बिनचूक शंभराव्या गिऱ्हाइकालाही पहिल्यासारखंच हसून सांगायचा, "आज सकाळचं." मग मांस जाड कागदात बांधायचा आणि वर आपला रबरी शिक्का हाणायचा. शिक्क्यावर एकच शब्द होता, 'तपासले', आणि खाली त्या दिवसाची तारीख. सरकारी इन्स्पेक्टरचा शिक्का वेगळा, तो सकाळीच येऊन अख्ख्या मालावर उमटून जायचा. हा बिनचूकचा खासगी, हौसेचा. पण लोकांना त्याचाच जास्त भरवसा होता.

बायको शहर बसची ड्रायव्हर. एवढी लांबलचक बस ती बोळातून अशी काढायची, की कडेला वाळत घातलेली चादरसुद्धा हलायची नाही. घरातही ती ड्रायव्हरच्याच सीटवरून बोलायची. नवऱ्याला आवरायचं असलं की म्हणायची, "अहो, पुढे चढ आहे, गिअर बदला." आणि नवरा बदलायचा.

या दोघांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा नर्सने तिला वजनकाट्यावर ठेवायच्या आधीच बिनचूकने जाहीर केलं, "तीन किलो दोनशे." नर्सने आधी काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि हळूच बाळ आपल्याकडे ओढून घेतलं, कारण कपाळावर टिकली लावावी तसा त्याच्या कोपराला रक्ताचा डाग होता. पोरगी गोल गरगरीत होती म्हणून त्याने तिला बटाटा म्हणायला सुरुवात केली आणि सोळा वर्षं झाली तरी ते काही सुटलं नाही. पुढे जे झालं त्याचं खापर बायकोने या नावावरच फोडलं. खाटकाने पोरीला बटाटा म्हणावं आणि वर तिने मटण खावं अशी अपेक्षा ठेवावी, याला काय म्हणायचं, असा तिचा सवाल होता.

पण ते पुढचं. आधी आलं ते हात धुणं.

चौदाव्या वर्षी बटाटाने हात जरा जास्त धुवायला सुरुवात केली. घरच्यांना आनंदच झाला. मग ती नळापाशी दहा मिनिटं उभी राहू लागली, मग पाऊण तास. बोटं सोलवटली. दाराची कडी कोपराने उघडू लागली. लहानपणी जिथे मटण तोडायच्या ओंडक्याशेजारच्या स्टुलावर बसून पाढे म्हणायची, त्या दुकानाची पायरी तिने चढायचं सोडलं. आईने तिच्या परीने निदान केलं होतं, मंत्रचळ. डॉक्टरांनी त्यालाच ओसीडी म्हटलं, गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाईंची खोली चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर होती. दोन खुर्च्या, एक कुंडी आणि खालून दिवसभर हातोडीची टकटक. बाई म्हणाल्या, हा आजार म्हणजे तू नव्हेस, त्याला वेगळं नाव दे. बटाटाने एका क्षणात नाव दिलं: इन्स्पेक्टर. डोक्यात बसलेला आणि कशालाच पास न करणारा.

बिनचूकला याचं वाईट वाटलं. आजाराचं नव्हे, त्याने तर काळीज तुटतच होतं, नावाचं. दुकानात येणारा खरा इन्स्पेक्टर सज्जन माणूस होता, चहात साखर नको म्हणायचा आणि बिनसाखरेचाच प्यायचा. त्याची अशी बदनामी बरी नव्हे. पण पोरगी त्या नावावर हसली होती, आणि त्या वर्षात ती इतकी कमी हसली होती, की बिनचूकने इन्स्पेक्टरचा बळी द्यायचं ठरवलं.

बाईंच्या खोलीत वर्षभर जाऊन फरक पडला. पाऊण तासाचा नळ पंधरा मिनिटांवर आला. आणि एका दुपारी जेवताना बटाटाने ताट पुढे सरकवलं आणि शांतपणे म्हणाली, "मी आजपासून मटण खाणार नाही. मला जीव खायचा नाही."

आईने कचकन ब्रेक दाबला. हे इन्स्पेक्टरचंच काम आहे, तिने सांगून टाकलं. आज मटण, उद्या भात, परवा पाणी. बटाटा म्हणाली, हे माझं आहे, त्याचं नाही. आई म्हणाली, कशावरून? आता याला पुरावा कुठून आणायचा? बटाटाचे डोळे भरले. आजारी माणसाच्या प्रत्येक इच्छेला लोक आजारच म्हणू लागतात, हे दुखणं मूळ दुखण्याहून वाईट. दोघींनी बिनचूककडे पाहिलं. त्याच्या हातात नळी होती, आणि नळीचं हाड तोंडात असताना या विषयावर मत देणं कुठल्याही बापाला अवघडच.

त्याने नळी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, "काय खाशील ते सांग. मी करीन."

दुसऱ्या दिवशी तो रस्ता ओलांडून भाजीवालीकडे गेला. ही बाई त्याच्या दुकानासमोर वीस वर्षं बसत होती आणि वीस वर्षांत त्याने तिच्याकडून कांदे आणि लिंबं यांखेरीज काही घेतलं नव्हतं. तिने त्याला वांग्यापुढे उभं पाहिलं आणि टोपलीवरची माशी हाकलायचीसुद्धा विसरली.

"काय हो बिनचूक, वाट चुकलात का?"

"पोरीसाठी हवीय भाजी. ती आता मटण खात नाही."

भाजीवालीने हे आधी नीट चावलं, मग गिळलं. खाटकाच्या घरात शाकाहार म्हणजे पुजाऱ्याच्या घरात नास्तिक, असं काहीतरी ती पुटपुटली. पण वजन करताना दोन वांगी वर घातली. बिनचूकने ती काढून परत ठेवली. उपकार चालतील, वजनातली चूक नाही.

पुढे त्याने स्वतःला स्वयंपाकाला जे जुंपून घेतलं, ते बघायला शेजारी यायचे. मटणाची सांधेजोड ओळखणारा हात कोबीवर चालू लागला. मसूर, घेवडा, वाटाणे, अंडी, पनीर. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तो ग्रॅमवर मोजून ताटात घालायचा. गाजराचे तुकडे असे सारखे, की बायको म्हणाली, याची फरशी बसवून घेऊ.

पण अडचण भाजीत नव्हती, भांड्यात होती. बटाटा पहिला घास घ्यायच्या आधी विचारायची, "बाबा, हा डाव मटणाच्या पातेल्यात गेला होता का?" नाही गेला. "नक्की?" नक्की. "तू बघितलंस?" बघितलं. "आणि झाकण?" एका जेवणात चाळीस वेळा. दुसरा बाप चिडला असता. इथे तर शंभर उत्तरांची सवय असलेला माणूस होता. हसतमुखाने, न थकता, चाळीसाव्यांदाही पहिल्यासारखंच. त्याला वाटलं, देवाने आपल्याला ही कला बहुधा याच कामासाठी दिली असावी.

आणि मग त्याला ती कल्पना सुचली, जी फक्त त्यालाच सुचू शकत होती. पोरीचं ताट, वाटी, डाव, पातेलं, सगळं धुवायचं, कोरडं करायचं, दुकानातल्या जाड कागदात बांधायचं आणि वर दाणकन शिक्का मारायचा: तपासले. खाली तारीख. शिक्का आहे म्हणजे भांडं पोरीचंच, प्रश्नच नको.

पहिले आठ दिवस चमत्कार झाला. बटाटा पुडकं सोडायची, शिक्का बघायची आणि एकही प्रश्न न विचारता जेवायची. बिनचूक छाती फुगवून फिरू लागला. डॉक्टरांना इतकी वर्षं शिकून जे जमलं नाही ते रबराच्या एका तुकड्याने जमवलं, असं त्याने भाजीवालीला दोनदा ऐकवलं.

नवव्या दिवशी शिक्क्याची शाई जरा पुसट आली. बटाटाने पुडकं परत दिलं. मग कालची तारीख चालेना, आजचीच हवी. मग एक शिक्का पुरेना, दोन हवेत, आत एक, बाहेर एक. ज्या दिवशी बिनचूकला बाजारातून यायला उशीर झाला, त्या दिवशी ती उपाशी राहिली, कारण आईने मारलेला शिक्का तिरका होता. घरातलं कपाट खाटकाच्या पुडक्यांनी असं भरलं, की पाव्हणा आला असता तर त्याला वाटलं असतं, ही मंडळी भांडी विकतात की खातात? एका सकाळी बिनचूक सफरचंदावर शिक्का मारताना सापडला. बायको कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"माझ्या कपाळावर कधी मारताय?" ती म्हणाली.

विनोद तिथेच संपला, कारण बटाटाचा पट्टा आणखी एक भोक आत गेला होता. डोळ्यांनी वजन ओळखणाऱ्या माणसाला ते दिसत नव्हतं असं नाही. रोज शंभर-शंभर ग्रॅमने ते त्याला दिसत होतं. फक्त हा एक आकडा त्याने कधी मोठ्याने म्हटला नाही.

महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी तो म्हटला. तीन किलो कमी. आणखी एक उतरलं, तर मांस सोडायची गोष्ट सध्या बाजूला ठेवावी लागेल, आधी जीव, मग तत्त्व. पुढची तपासणी महिन्याने. घरी येताना आई बस चालवावी तशी सावकाश चालत होती, आणि पोरगी एवढंच म्हणाली, "म्हणजे तो जिंकला. माझी गोष्टसुद्धा आता त्याचीच झाली."

बिनचूक शिक्का खिशात घालून समुपदेशक बाईंकडे गेला. मनात थोडी आशा अशीही होती, की बाई शिक्का बघून म्हणतील, वा. बाईंनी शिक्का हातात घेतला, उलटा केला, आपल्या वहीच्या कोपऱ्यावर उमटवून पाहिला आणि आधी हसू लागल्या. मग हसणं आवरून म्हणाल्या, "काका, तुमच्या मुलीच्या डोक्यात एक इन्स्पेक्टर बसलाय. तुम्ही त्याला ऑफिस दिलं, शिपाई दिला आणि शिक्काही दिला. आता तो कशाला उठेल?"

खालची हातोडी टकटक करत होती. बिनचूकला वाटलं, ती आपल्याच डोक्यात चालू आहे.

बाईंनी समजावून सांगितलं. मांस खायला लावणं हा उपचारच नव्हे. तिला नको तर नको. प्रश्न एवढाच, की हे 'नको' कुणाचं. त्याची एक खूण आहे. माणसाची इच्छा 'नको' म्हणते आणि पुढच्या कामाला लागते. इन्स्पेक्टर 'नको' म्हणतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. त्याला शंभर टक्के खात्री हवी असते, आणि ती जगात कुणाकडेच नसते. तेव्हा पुडकी बंद, शिक्का बंद. आणि पोरीने विचारलं की एकच उत्तर: माहीत नाही.

"पण मला माहीत असतं," बिनचूक म्हणाला.

"खरंच माहीत असेल तेव्हा खरं सांगा. पण चाळीसाव्या वेळेला तुम्ही तिला माहिती देत नाही, त्याला खुराक देता."

हे सगळं बटाटासमोरच ठरलं, आणि पायऱ्या तिने स्वतः लिहून काढल्या. पहिली, बिनकागदाचं ताट. दुसरी, घरातला कुठलाही धुतलेला डाव. तिसरी, सगळ्यांबरोबर एकाच टेबलावर. शेवटची पायरी लिहिताना तिची पेन्सिल थांबली, आणि मग तिने लिहिलं: दुकानात. बाई म्हणाल्या, एवढं आत्ता नको. ती म्हणाली, राहू दे, लिहून तरी ठेवते.

'माहीत नाही' हे दोन शब्द. बिनचूकने आयुष्यात ते कधी वापरलेच नव्हते. तोंडाला वळण पडावं म्हणून तो दुकानात मनातल्या मनात घोकू लागला, आणि व्हायचं तेच झालं. एका बाईंनी विचारलं, "ताजं आहे ना?" आणि बिनचूक प्रसन्न हसून म्हणाला, "माहीत नाही."

बाई दोन पावलं मागे सरल्या. मागच्याने पिशवीची घडी घातली. निवृत्त मास्तर तर म्हणाले, इतकी वर्षं मला संशय होताच. रस्त्यापलीकडून भाजीवालीने हे सगळं पाहिलं आणि ती हसता हसता भेंडीच्या टोपलीत बसली. त्या दिवशी निम्मा माल परत बर्फात गेला, आणि बिनचूकला दुकानाबाहेर पाटी लावावी लागली की माल ताजा आहे, मालक सराव करत आहे.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पहिल्याच दुपारी बटाटाने ताट समोर ठेवलेलं बघून विचारलं, "बाबा, हा डाव कुठला?"

"माहीत नाही."

"बाबा, प्लीज. एकदाच सांग."

सांगणं किती सोपं होतं. तिच्या चेहऱ्यावरची भीती एका शब्दात पुसून टाकता आली असती, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. "माहीत नाही, राणी," तो म्हणाला. ती रडली, तू दुष्ट आहेस म्हणाली, खोलीत गेली आणि दार लावलं. बिनचूक उठला तशी बायकोने त्याची बाही धरली. "ब्रेकवरचा पाय काढायचा नाही," ती हळूच म्हणाली. "उतारावर तर मुळीच नाही." तो अर्धा तास दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला. अर्ध्या तासाने दार उघडलं, बटाटा त्याच्या पायांवरून उडी मारून स्वयंपाकघरात गेली, आणि त्याला भांड्याला चमचा लागल्याचा आवाज आला. चार वेळा. त्याने मोजलं, सवयीने.

दुसऱ्या दिवशी नऊ घास. तिसऱ्या दिवशी शून्य. चौथ्या दिवशी अर्धं ताट. असे ते दिवस पुढे-मागे होत गेले. कधी नळ वाहत राहायचा आणि बिनचूक बाहेर उभा राहून स्वतःच्याच दंडाला चिमटे काढायचा. पण तिसऱ्या आठवड्यात ती टेबलावर आली. त्यांच्या ताटात मटण, तिच्या ताटात घेवडा. तिने विचारलं नाही. विचारावंसं वाटत होतं ते तिच्या बोटांवरून कळत होतं. ती चमच्याशी कुस्ती खेळत होती. पण तोंड मिटलेलं होतं, आणि जेव्हा उघडलं, तेव्हा घासासाठी.

आणि मग तो शुक्रवार आला.

बायको पहाटेच्या पाळीवरून थकून आली होती. शेगडीवर दोन पातेली होती, एकात मटण, एकात मसूर. बिनचूक पाव कापत होता. त्याने मान वळवली आणि पाहिलं, की बायकोने मटण ढवळलं, कपाळाचा घाम पुसला आणि तोच डाव मसुरात घालून ढवळला. तिच्या लक्षातही आलं नाही. डाव खाली ठेवून ती हात धुवायला गेली.

बटाटा टेबलावर येऊन बसलीच होती. वाटी भरली. तिने चमचा उचलला, आणि नेमकं त्याच दिवशी, आठ दिवसांत पहिल्यांदा, तिने विचारलं. हलक्या आवाजात, जणू इन्स्पेक्टरलाही ऐकू जाऊ नये. "बाबा, सगळं ठीक आहे ना?"

आता काय म्हणायचं? 'माहीत नाही' म्हणावं तर ते खोटं, आणि इतक्या मेहनतीने कमावलेले ते दोन शब्द आज खोटे पडले, की पुन्हा खरे होणार नाहीत. 'माहीत आहे' म्हणावं तर तीन आठवडे पाण्यात, वजन पाण्यात, आणि पुढच्या सोमवारी डॉक्टर. बिनचूकने आयुष्यात हजारो घाव घातले होते, पण कुठे घालायचा हे न कळण्याची ही पहिलीच वेळ.

"आज माहीत आहे," तो म्हणाला. "मटणाचा डाव मसुरात गेला. आत्ताच. चुकून."

नळाखाली हात धरलेली बायको तशीच दगड झाली.

बटाटाने वाटीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला, बोटं टेबलाच्या कडेवर आवळली. बिनचूकला तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. मग तिने वाटी दोन बोटांनी नव्हे, अख्ख्या हाताने धरली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.

"मग हे मला नको," ती म्हणाली. "आईची चूक झाली. होते." आणि हात न धुता तिने समोरच्या टोपलीतला पाव उचलला, त्याला लोणी लावलं, दोन उकडलेली अंडी घेतली आणि खायला लागली.

आईबाप एकमेकांकडे बघेनात, न जाणो काही सांडेल. दुसरा पाव. तिसरा पाव. मग ती उठून नळाशी गेली. हा तो क्षण, असं दोघांनाही वाटलं. नळ सुरू झाला, ताट विसळल्याचा आवाज आला, नळ बंद झाला. बटाटाने ताट फळीवर उपडं घातलं आणि आतून ओरडली, की तिचं भूमितीचं पुस्तक कुणी हलवलं.

'नको' म्हणून पुढच्या कामाला लागली होती.

बायको खुर्चीत बसली आणि पदराने डोळे टिपू लागली. बस चालवताना ही बाई आयुष्यात कधी रडली नव्हती. "चुकीचा डाव घातला मी," ती म्हणाली, "आणि मीच म्हणत होते, हे इन्स्पेक्टरचं काम आहे. कान धरते आता." मग नाक ओढून तिने ती मसुराची वाटी स्वतःकडे घेतली आणि संपवली. वाया कशाला घालवायचं, म्हणाली. मटणाचा वास बरा लागलाय.

सोमवारी बटाटा वजनकाट्यावर चढायच्या आधीच बिनचूक म्हणाला, "एक किलो तीनशे वाढलं." नर्सने काटा पाहिला आणि तिला वाटलं, याने आधीच कुठेतरी मोजून आणलंय. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, समुपदेशक बाईंची चिठ्ठी वाचली आणि बटाटालाच विचारलं, मग मांसाचं काय करायचं? ती म्हणाली, खायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, तुझी मर्जी. फक्त अंडी सोडू नकोस एवढ्यात. "तुझी मर्जी" हे ऐकताना बिनचूक कोपऱ्यात टोपी पिळत उभा होता. ती त्याने परत डोक्यावर घातली तेव्हा तिचा आकार गेलेला होता.

इन्स्पेक्टर काही नोकरी सोडून गेलेला नव्हता. अजूनही येतो, आणि वाईट दिवशी तासभर बसतोही. बाईंनी आधीच सांगितलं होतं तसंच. पण आता त्याच्याकडे शिक्का नव्हता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, ऐन गर्दीच्या वेळी, दुकानाच्या दारात बटाटा उभी राहिली. हातात डबा. गिऱ्हाइकं बाजूला झाली. ती पायरीवर थांबली, आत लटकलेल्या मालाकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि पायरी चढली. ओंडक्याशेजारचं तिचं स्टूल दोन वर्षं धूळ खात होतं. बिनचूकचा हात फडक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने ते पाहिलं. स्टूल न पुसता ती त्यावर बसली आणि डबा उघडला. आत घेवडा होता आणि गाजराचे सारखे तुकडे.

निवृत्त मास्तर रांगेत होते. त्यांनी चष्म्यावरून डब्यात डोकावलं. "काय रे बिनचूक, तुझी मुलगी मटण खात नाही?"

"नाही खात."

"खाटकाची मुलगी?"

"हो," बिनचूक म्हणाला, आणि हे 'हो' त्याने असं म्हटलं, जसं दुसरे बाप पोरगी पहिली आल्याचं सांगतात. "तिने ठरवलंय. आणि तिने काही ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. माझं तर नाहीच."

रस्त्यापलीकडून भाजीवाली ओरडली, की घेवडा तिच्याकडचा आहे, सगळ्यांनी ऐकून ठेवा.

बटाटा चावता चावता बापाकडे बघत होती. गर्दी जरा सरकल्यावर तिने विचारलं, "बाबा, तू कापतोस ते मी खात नाही, याचं तुला वाईट वाटतं?"

बिनचूकने थोडा विचार केला. "माहीत नाही," तो म्हणाला.

"हे उपचारातलं, की खरं?"

"तेही माहीत नाही."

ती हसली. तोंडात घास असताना, मोठ्याने, लहानपणी पाढा चुकल्यावर हसायची तशी. मास्तरांनी अर्धा किलो मागितलं. बिनचूकने सत्तूर उचलला, पण त्याची नजर ओंडक्यावर नव्हती, स्टुलाकडे होती, जिथे एक गाजर बोटांनी उचललं जात होतं, न धुतलेल्या, बऱ्या होत आलेल्या बोटांनी. सत्तूर एकदाच खाली आला. तुकडा तराजूवर पडला. काटा पाचशेवर गेला, तिथे थांबला नाही, आणि सावकाश पुढे सरकून पाचशे चाळीसवर जाऊन उभा राहिला.

मास्तर चष्मा काढून काट्याजवळ वाकले. अकरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर उभा होता, आणि त्यांना तो खरा वाटत नव्हता.

"चूक झाली," बिनचूक म्हणाला.

"होते," स्टुलावरून आवाज आला.

मास्तरांना ते पाचशे चाळीस तसंच कागदात बांधून मिळालं. वर शिक्का नव्हता.